बारावीनंतर सैन्यदलात जायचे असेल तर : अकरावीपासून आखायची वाट

दहावीचा निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘सर, भरती कधी निघणार?’ विचारणारा मुलगा बहुतेक वेळा पहाटे उठून धावणारा असतो, घरात किंवा भावकीत कोणीतरी फौजेत असतो, आणि ‘भरती’ या एका शब्दात त्याच्या मनातले सगळे काही सामावलेले असते. प्रत्यक्षात सैन्यदलात शिरण्याच्या वाटा अनेक आहेत, त्यांच्या पात्रता वेगळ्या आहेत, आणि त्यांतल्या काही वाटा मुलाला पत्ता लागण्याआधीच बंद होतात. त्या बंद होण्याचे कारण बहुधा शारीरिक दुबळेपणा किंवा अभ्यासातला कच्चेपणा नसते. जन्मतारीख आणि अकरावीला घेतलेले विषय या दोन गोष्टींनीच निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणून या लेखाची सुरुवात मैदानावरून न करता कागदापासून करतो.

एका कागदावर वरच्या बाजूला आपली जन्मतारीख लिहा, आणि ती दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच लिहा. घरातले लोक सांगतात ती नव्हे. त्याखाली दोन मुख्य वाटांच्या वयोमर्यादा मांडा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपल्या खडकवासल्याची एनडीए, हिच्यासाठी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सुमारास वय साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असावे लागते. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत अग्निवीरांसाठी, म्हणजे चार वर्षांसाठी घेतल्या जाणाऱ्या जवानांसाठी, साडेसतरा ते एकवीस ही मर्यादा ठरवण्यात आली, आणि त्या पहिल्या वर्षापुरती ती तेवीसपर्यंत वाढवली गेली. वर्षागणिक नेमक्या तारखा बदलतात, तेव्हा जाहिरातीत छापलेल्या ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले’ या ओळीवरच विसंबावे, कोणाच्या आठवणीवर नव्हे.

आता याचा अर्थ पाहा. एखाद्या मुलाचा जन्म मार्च २००८ मधला आहे आणि तो २०२६ साली बारावीची परीक्षा देतो, असे धरू. एनडीएची लेखी परीक्षा संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि सप्टेंबर महिन्यांत घेतो. बारावीत शिकणाऱ्याला ती देता येते, अकरावीत शिकणाऱ्याला देता येत नाही. एप्रिलच्या परीक्षेतून निवडलेले पुढच्या जानेवारीत दाखल होतात आणि सप्टेंबरच्या परीक्षेतून निवडलेले पुढच्या जुलैत. या हिशोबाने आपल्या मुलाच्या हाती सप्टेंबर २०२५, एप्रिल २०२६ आणि सप्टेंबर २०२६ अशा तीनच संधी येतात. एप्रिल २०२७ ची परीक्षा द्यायला गेला तर दाखल होण्याच्या वेळी त्याने साडेएकोणीस ओलांडलेले असतील. ‘आधी बारावी होऊ दे, मग बघू’ असे घरात म्हटले गेले की या तिघांतली पहिली संधी तिथल्या तिथे जाते. आणि ज्याने शाळेत एखादे वर्ष उशिरा पाऊल टाकले आहे, त्याच्यासाठी तीनाच्या जागी दोन किंवा एकच उरते.

दुसरा कागद विषयांचा. एनडीएच्या लष्कर शाखेला कोणत्याही शाखेतून बारावी चालते; कला शाखेची मुलेही अर्ज करू शकतात. मात्र नौदल आणि हवाई दल या दोन शाखांसाठी, तसेच केरळातल्या एळिमला येथील नौदल अकादमीसाठी, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय असावे लागतात. विज्ञान शाखा घेऊन ‘डॉक्टरकीचेच बघू’ म्हणून गणित सोडणारी मुले माझ्यासमोर दरवर्षी येतात, आणि दीड वर्षाने त्यांतली एक-दोन वैमानिक व्हायचे म्हणून परत येतात. तेव्हा सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. ज्याला सैन्यदलाचा विचार थोडासाही आहे, त्याने अकरावीला गणित सोडू नये, हा माझा सर्वांत कळकळीचा सल्ला आहे. कला शाखेत असलेल्यानेही एनडीएच्या लेखी परीक्षेतल्या गणिताची स्वतंत्र तयारी करावीच लागते, कारण तो पेपर सर्वांना सारखाच असतो.

अधिकारी की जवान, हा प्रश्न आधी सोडवा

आपल्याकडे हा प्रश्न मोकळेपणाने विचारला जात नाही. खेड्यातला मुलगा म्हणजे शिपायाच्या भरतीला जाणार आणि शहरातला, इंग्रजी बोलणारा मुलगा म्हणजे अधिकारी होणार, असे एक गृहीत नकळत धरले जाते, आणि शिक्षकही त्याला खतपाणी घालतात. एनडीएच्या अर्जात गावाचे नाव पाहून गुण देत नाहीत. अर्जाची फी शंभर रुपये असते; मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तीही माफ असते. प्रबोधिनीतले तीन वर्षांचे शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश यांचा मुख्य खर्च सरकार करते आणि शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. त्यानंतर लष्कराचे छात्र डेहराडूनला, हवाई दलाचे हैदराबादजवळच्या डुंडिगलला आणि नौदलाचे एळिमलाला पुढील प्रशिक्षणासाठी जातात. पुण्याला शिकायला पाठवणे ज्या घराला झेपत नाही, त्या घराला खडकवासला झेपतो, ही गोष्ट पालकांच्या सभेत सांगितली की कितीतरी वडिलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कुतूहल दिसते.

लेखी परीक्षेचे गणित सरळ आहे. गणिताचा पेपर तीनशे गुणांचा, १२० प्रश्नांचा. सामान्य क्षमता चाचणी सहाशे गुणांची, १५० प्रश्नांची, तिच्यात दोनशे गुण इंग्रजीचे आणि उरलेले चारशे विज्ञान, इतिहास, भूगोल व चालू घडामोडींचे. प्रत्येक पेपरला अडीच तास. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा होतात. राज्य मंडळाच्या मुलांची इथे अडचण होते ती ज्ञानाची नव्हे, सवयीची. दीडशे मिनिटांत १२० गणिते म्हणजे एका गणिताला सव्वा मिनिट, आणि आपण मुलांना पायऱ्या मांडून, अधोरेखित करून उत्तर लिहायला शिकवलेले असते. म्हणून अकरावीच्या दिवाळीपासून आठवड्यातून एकदा घड्याळ लावून जुना पेपर सोडवावा. जुने पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. सुरुवातीला चाळीस प्रश्न बरोबर आले तरी निराश होऊ नये; कोणते प्रश्न सोडून द्यायचे हे कळू लागले की गुण वाढतात.

लेखी परीक्षा नऊशे गुणांची आणि तिच्यानंतरची सेवा निवड मंडळाची मुलाखत, जिला सगळे एसएसबी म्हणतात, तीही नऊशेची. या मुलाखतीबद्दल जितक्या दंतकथा आहेत तितक्या दुसऱ्या कोणत्याच गोष्टीबद्दल नसतील, म्हणून तिच्याकडे थोडे जवळून पाहू. ती पाच दिवस चालते. लष्कराची मंडळे प्रयागराज, भोपाळ, बंगळूर अशा ठिकाणी आहेत. पहिल्यांदा बोलावले असेल तर रेल्वेचे भाडेही परत मिळते. पहिल्या दिवशी बुद्धिमापनाची चाचणी होते आणि एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवून त्यावर गोष्ट लिहायला सांगतात, मग तीच गोष्ट गटापुढे बोलून दाखवायची आणि सर्वांनी मिळून एक सामाईक गोष्ट ठरवायची. त्या संध्याकाळी बरीच मुले परत पाठवली जातात. पुढच्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या असतात : साठ शब्द एकामागून एक पडद्यावर येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, तेवढ्यात शब्द वाचून मनात आलेले वाक्य लिहायचे. शिवाय बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या असतात, आणि त्यांतले शेवटचे चित्र कोरे असते. त्या कोऱ्या चित्रावर स्वतःच्या मनातली गोष्ट लिहावी लागते.

माझ्या एका विद्यार्थ्याने कुठल्याशा शिकवणीत दहा तयार गोष्टी पाठ केल्या होत्या. प्रत्येक गोष्टीत नायक आग विझवत होता किंवा अतिरेकी पकडत होता. तो पहिल्या खेपेला परतला. घरी तो सकाळी सहाला दूध संकलन केंद्रावर हिशोब लिहीत असे, आणि एकदा फॅट मोजण्याचे यंत्र बिघडल्यावर चाळीस शेतकऱ्यांचा आरडाओरडा त्याने एकट्याने सांभाळला होता. ती गोष्ट त्याला लिहिण्याजोगी वाटलीच नव्हती. दुसऱ्या खेपेला तो गेला तेव्हा आम्ही काहीही पाठ करून घेतले नाही. फक्त गेल्या तीन वर्षांत त्याने स्वतः काय काय निभावले ते एका वहीत लिहून काढायला लावले. मंडळाला पंधरा गुण पाहायचे असतात, त्यांत जबाबदारीची जाणीव, सहकार्य, निर्णयाचा वेग, मनाचा खंबीरपणा असे गुण आहेत, आणि ते चार-पाच दिवसांत तीन वेगवेगळे परीक्षक तीन वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. मानसशास्त्रज्ञाला लिखाणात जो मुलगा दिसतो, तोच मैदानावर फळी, बल्ली आणि दोर घेऊन गटाला अडथळ्यापलीकडे नेताना दिसावा लागतो आणि तोच मुलाखतीच्या खोलीत बोलावा लागतो. पाठांतर या तिन्ही ठिकाणी एकसारखे टिकत नाही. इंग्रजी मात्र कामापुरती सहज यावी. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचून तिच्याबद्दल दोन मिनिटे उभे राहून इंग्रजीत बोलायची सवय वर्षभर ठेवली, तर ग्रामीण मुलांचीही जीभ वळते, हे मी पाहिले आहे.

याच कामासाठी राज्य सरकारने उभ्या केलेल्या दोन-तीन सोयी आहेत, आणि त्या पुरेशा लोकांपर्यंत पोहोचत नाहीत याचे वाईट वाटते. छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना परीक्षेने निवडून अकरावी-बारावीची दोन वर्षे निवासी शिक्षणासह एनडीएची तयारी करवून घेते. २०२३ पासून नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली आहे. तिथे जायचे तर दहावीच्या वर्षातच अर्ज करावा लागतो. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे मुलाखतीची तयारी विनामूल्य करून घेतात आणि राहण्या-जेवण्याची सोयही होते. चौकशी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

एनडीएशिवाय अधिकारी होण्याच्या आणखी वाटा बारावीनंतर आहेत, त्या थोडक्यात. लष्कराच्या तांत्रिक प्रवेश योजनेत एनडीएची लेखी परीक्षा नसते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणितात मिळून साठ टक्के आणि जेईई मेन दिलेली असावी लागते, त्या गुणांवरून थेट मुलाखतीला बोलावतात आणि पुढे अभियांत्रिकीची पदवी मिळते. नौदलाचीही अशीच योजना आहे, तिथे सत्तर टक्के लागतात. ज्यांचा कल वैद्यकाकडे आहे त्यांच्यासाठी पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला प्रवेश नीटच्या गुणांपासून सुरू होतो. मुलींसाठी लष्करी परिचर्या सेवेचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रमही नीटमधूनच असतो. पुण्यातले हे महाविद्यालय आणि मुंबईतले नौदलाचे अश्विनी रुग्णालय या दोन्ही ठिकाणी तो शिकवला जातो.

मुलींबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली खडकवासल्याच्या खेत्रपाल मैदानावरून संचलन करत बाहेर पडल्या. जागा अजून मोजक्या आहेत, त्यामुळे स्पर्धा मुलांपेक्षा कठीण आहे हे खरे; पण ‘मुलींना घेत नाहीत’ असे ज्या शिक्षकाने आजही वर्गात सांगितले असेल, त्याने ते मागे घ्यावे.

अग्निवीर : चार वर्षांचा हिशोब

लष्करात जवान म्हणून शिरण्याची बारावीनंतरची नेहमीची वाट आज अग्निवीर हीच आहे. तिच्याबद्दल गावागावांत दोन टोकांची मते आहेत, आणि दोन्हीकडचे लोक आकडे न बघता बोलतात. आकडे असे आहेत. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यांतले तीस टक्के दरमहा सेवानिधीत कापले जातात, म्हणजे हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,००० येतात. चार वर्षांत कापलेली रक्कम सुमारे ५ लाख २ हजार होते, सरकार तितकीच घालते, आणि व्याजासह साधारण ११ लाख ७१ हजार रुपये बाहेर पडताना मिळतात. त्यावर प्राप्तिकर नाही. सेवाकाळात ४८ लाखांचे विमा संरक्षण असते, त्याचा हप्ता जवानाला भरावा लागत नाही. निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळत नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते आणि ते पुढे किमान पंधरा वर्षे राहतात.

याचा अर्थ चौघांतले तिघे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घरी परततील. ज्या घरात ‘एकदा फौजेत लागला की पोराची चिंता मिटली’ अशी समजूत तीन पिढ्यांची आहे, त्या घराला ही गोष्ट अर्ज भरण्याआधी स्पष्ट सांगितली पाहिजे. मी कोणाला या वाटेवर जाऊ नको असे सांगत नाही. चार वर्षांची शिस्त, कमावलेले शरीर, बारा लाखांच्या आसपासचा निधी आणि तेविसाव्या वर्षी हातात असलेले उरलेले आयुष्य ही कमी दर्जाची गोष्ट नव्हे; केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि काही राज्यांच्या पोलिसांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागाही जाहीर झाल्या आहेत. मात्र जाणाऱ्याने दूरस्थ शिक्षणातून पदवी सुरू ठेवायची, आणि आलेला पैसा बहिणीच्या लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये एका झटक्यात जाऊ द्यायचा नाही, हे दोन निश्चय घरातल्या सर्वांच्या समक्ष आधीच करावेत.

पात्रता पदागणिक बदलते. जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. टेक्निकलसाठी विज्ञान शाखेची बारावी, आणि क्लार्क-स्टोअरकीपरसाठी बारावीला एकूण साठ टक्के व प्रत्येक विषयात पन्नास लागतात. बारावी झालेला मुलगा सवयीने जनरल ड्यूटीचाच अर्ज भरतो. आपले गुण क्लार्क किंवा टेक्निकलला पुरतात का, हे त्याने आधी पाहावे. हवाई दलाच्या अग्निवीरवायू भरतीला पन्नास टक्क्यांची बारावी लागते, विज्ञानाशिवाय इतर शाखांनाही ती खुली आहे, आणि तिचे प्रशिक्षण आपल्या शेजारी बेळगावला होते. नौदलाचे अग्निवीर ओडिशातल्या चिल्का येथे घडतात. लष्करात २०२३ पासून आधी संगणकावरची सामाईक परीक्षा होते आणि तिच्यात निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावतात. ही परीक्षा आता मराठीतूनही देता येते. महाराष्ट्रात लष्कराची भरती कार्यालये पुणे, कोल्हापूर, मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. गोव्यातले उमेदवार कोल्हापूरच्या कार्यालयाखाली येतात.

सोळाशे मीटर

मैदानाची कसोटी ज्याला सगळे ‘सोळाशे’ म्हणतात तिच्यावर ठरते. १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापले तर पूर्ण साठ गुण मिळतात, त्यापुढे गुण कमी होत जातात. चारशे मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. साडेपाच मिनिटे म्हणजे तीनशे तीस सेकंद, म्हणजे एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. हा आकडा तळहातावर लिहून ठेवावा. भरतीच्या दिवशी दोर सुटला की घोळक्यातली मुले पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतात, कारण मागे पडण्याची भीती वाटते, आणि तिसऱ्या फेरीच्या वळणावर त्यांचे पाय दगड होतात. ज्याने सरावात प्रत्येक फेरी ऐंशी-ब्याऐंशीला बांधली आहे, तो पहिल्या फेरीत विसाव्या क्रमांकावर असला तरी चौथ्या फेरीत पुढे येतो. यासाठी रोज सोळाशे मारू नये. आठवड्यातून दोन दिवस चार-पाच किलोमीटर सावकाश, दोन दिवस चारशेच्या फेऱ्या घड्याळ लावून मध्ये विश्रांती घेत, एक दिवस चढावर, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती असा क्रम ठेवावा. डांबरी रस्त्यावर जुन्या, झिजलेल्या बुटांनी धावून नडगीचे हाड दुखावून बसलेली मुले मी फार पाहिली आहेत. गावाबाहेरचे मातीचे मैदान किंवा नांगरट न झालेले पडीक रान बरे.

धावण्याबरोबर बीम असतो. दहा पुल-अप्सना चाळीस गुण. झटके देऊन, पाय आपटून मारलेला बीम मोजत नाहीत. हात पूर्ण सरळ होऊन हनुवटी दांड्याच्या वर गेली पाहिजे. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि झिगझॅग लाकडावरून तोल सांभाळत चालणे यांना गुण नसतात, पण जमले नाही तर बाहेर. उंची-छातीचे निकष विभागागणिक आणि पदागणिक वेगळे आहेत. छाती किमान ७७ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त भरावी लागते.

वैद्यकीय तपासणीबद्दल एकच सांगतो : ती भरतीच्या दिवशी पहिल्यांदा होऊ देऊ नका. अकरावीतच तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, कान, दात, पायाचे तळवे, जुळणारे गुडघे आणि फुगलेल्या शिरा तपासून घ्याव्यात. कानातला मळ, दातांची कीड यांसारखे दोष वर्षभरात सहज दुरुस्त होतात. रंगांधळेपणा असेल तर तो बदलत नाही, आणि ते लवकर कळणे हेच हिताचे. तपासणीत अपात्र ठरल्यास ठरलेल्या मुदतीत पुन्हा तपासणी मागता येते, तेव्हा हातात पडलेला कागद नीट वाचल्याशिवाय मैदान सोडू नये. गोंदवण्याची हौस असेल तर ती आवरावी; आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे, इतरांना हाताचा कोपराखालचा आतला भाग आणि पंजाची मागची बाजू एवढीच मुभा आहे.

कागद

दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि अधिवास दाखल्यावर नाव अक्षरशः एकसारखे असले पाहिजे. आमच्याकडचा एक मुलगा धावण्यात पहिल्या दहांत आला आणि कागदांच्या टेबलावर अडकला, कारण एका ठिकाणी वडिलांचे नाव ‘पांडुरंग’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पांडूरंग’ असे इंग्रजी स्पेलिंगच्या फरकाने नोंदले गेले होते. आधारची दुरुस्ती काही आठवड्यांत होते, मंडळाच्या प्रमाणपत्राची मात्र महिनोन्‌महिने लांबते, म्हणून ही तुलना आजच घरी बसून करावी. अधिवास दाखला, जातीचा दाखला, शाळेचे व सरपंच किंवा पोलीस पाटलांचे चारित्र्याचे दाखले, अविवाहित असल्याचा दाखला, एनसीसीचे प्रमाणपत्र असेल तर ते, आणि वडील सैन्यात असतील तर त्यांच्या कार्यालयाचा नातेसंबंधाचा दाखला, एवढे एका फायलीत मूळ आणि दोन-दोन प्रतींत ठेवावे. चारित्र्याचे दाखले जुने चालत नाहीत, ते भरतीच्या जवळपास काढावेत. एनसीसी अकरावीपासून धरली तर बारावीपर्यंत ‘बी’ प्रमाणपत्र होऊ शकते आणि अग्निवीर भरतीत त्याचे जादा गुण मिळतात.

मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. गावोगावी निघालेल्या खासगी अकॅडम्यांत मनापासून शिकवणारे माजी सैनिक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एका अकॅडमीने फीचा शेवटचा हप्ता थकला म्हणून माझ्या विद्यार्थ्याची मूळ गुणपत्रिका अडवून ठेवली होती आणि भरतीचा दिवस त्यामुळे हुकला. प्रवेश घेण्याआधी तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना भेटावे. आणि ‘वर ओळख आहे, तीन लाखांत काम करतो’ असे म्हणणारा कोणीही भेटला, मग तो नात्यातला का असेना, तर उठून यावे. परीक्षा संगणकावर, धावणे घड्याळावर. त्याच्या हातात काही नसते. जो मुलगा स्वतःच्या बळावर निवडला जातो त्याच्याच घरून हा माणूस पैसे उचलतो.

घरातले बोलणे

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द जोडला गेला, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथली माणसे फौजेत जात आली. अशा गावांत मुलाला विचारावे लागत नाही, तो आपोआप त्या वाटेला लागतो. आणि म्हणूनच तिथे विचारणे जास्त गरजेचे आहे. सुट्टीवर आलेल्या फौजी काकांना किंवा दादाला गाठून पराक्रमाच्या गोष्टींऐवजी साध्या गोष्टी विचाराव्यात : पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जड काय गेले, रजा मागितली तेव्हा किती वेळा मिळाली, आईच्या आजारपणात पोहोचायला किती दिवस लागले, युनिटमध्ये शिकायला वेळ मिळतो का, आणि परत अठराव्या वर्षी उभे केले तर हेच निवडाल का. सैनिकाला संघटना करता येत नाही, वरिष्ठांचा हुकूम आवडला नाही म्हणून नोकरी सोडून घरी येता येत नाही, आणि जीव जाण्याची शक्यता ही या कामाच्या अटींतच आहे. हे आईलाही माहीत असावे. मुलाच्या पाठीमागे वडिलांनी ठरवलेली भरती मी मोडताना पाहिली आहे. प्रशिक्षण केंद्रात पहाटे चारला उठवल्यावर तिथे वडील नसतात.

अर्ज भरला, परीक्षा दिली, तरी महाविद्यालयात पदवीला नाव घातलेलेच असू द्यावे. एनडीएच्या एका परीक्षेतून साधारण चारशे जागा भरतात आणि बसणारे काही लाख असतात, तेव्हा पहिल्या खेपेला न लागणे हे बहुसंख्यांच्या वाट्याला येणारच आहे. पदवी झाल्यावर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, हवाई दलाची सामाईक परीक्षा, आणि एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्यांसाठी लष्कराची विशेष योजना अशा अधिकारी होण्याच्या वाटा पुन्हा खुल्या होतात, आणि मुलाखत तीच, त्याच पाच दिवसांची असते. एसएसबीतून परतलेल्या मुलाने गाडीत बसल्या बसल्याच, डोक्यात सगळे ताजे असताना, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले आणि गटात आपण कुठे गप्प बसलो हे वहीत उतरवावे. माझ्याकडे अशा तीन वह्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या एकीवर चहाचा डाग आहे आणि शेवटच्या पानावर पुढच्या परीक्षेच्या अर्जाची तारीख पेन्सिलने लिहिलेली आहे. नव्या मुलांना मुलाखतीला पाठवण्याआधी मी ती आधी वाचायला देतो.